स्ट्रक्चर सरांची गाठ

आमच्या सरांसमोर 'मांडव' हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. कुणाच्या तोंडून निघालाच, तर सर हातातला मार्कर खाली ठेवायचे, डोळे मिटायचे आणि दाढ ठणकल्यासारखं तोंड करून म्हणायचे, "स्ट्रक्चर. से स्ट्रक्चर." मग त्या पोरानं किंवा पोरीनं जागेवर उभं राहून दहा वेळा 'स्ट्रक्चर' म्हणायचं. आमच्या वर्गात जत, आटपाडी, तासगाव, पलूस असा सगळा माल. 'इस्ट्रक्चर', 'स्टकचर', 'स्ट्रेचर' अशी वळणं घेत दहाव्यापर्यंत पोचताना तास संपायचा आणि सरांचं समाधान व्हायचं. हजेरीपटावर त्यांचं नाव काहीही असो, दुसऱ्या आठवड्यापासून ते आमचे स्ट्रक्चर सर झाले ते कायमचे.

मी इव्हेंट मॅनेजमेंटची पदवीधर आहे. सांगलीत हॉस्टेलला राहून तीन वर्षांत ती घेतली. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही, त्यामुळे हे मी सांगते आणि कुणी विचारलं नाही तरी सांगते. लोक विचारतात, "म्हणजे लग्नात पंगती वाढायचं शिक्षण का?" त्यांचा दोष नाही. प्रवेशाचा फॉर्म भरला तेव्हा आमच्या अप्पांनी विचारलं होतं, "म्हंजे जत्रा भरवायचं शिक्षान?"

"व्हय, तसंच."

"जत्रंला तीन वर्सं कशाला लागत्यात? आमी चार दिसांत भरवतो." मग मेंढरांकडे बघत म्हणाले, "तीन म्हंतीस तर तीन. पर चौथं मागू नगंस, रूपे. चौथ्या सालाला मी पावणं बघणार."

एवढाच आमचा करार. तीन वर्षांत पास, नाहीतर पाहुणे.

पहिल्याच तासाला सरांनी ओळख करून द्यायला लावली. मी उठले आणि म्हणाले, "माझं गाव कवठे महांकाळच्या पलीकडं हाय."

सर हसले. ते हसले की गळ्यातलं ओळखपत्र हलायचं. म्हणाले, "'हाय' म्हणजे ग्रीटिंग. व्हर्ब नाही."

वर्ग खिदळला. ज्यांच्या घरी चोवीस तास 'हाय' आणि 'न्हाई' चालतं तेच जास्त खिदळले. मी तशीच उभी. सरांनी पुढचा प्रश्न टाकला, "फादर काय करतात?" माझ्या जिभेवर मेंढरं आली होती, पण एकदा हसून झालेल्या वर्गापुढं ती बाहेर पडेनात. सरांनी चाचपडणं ओळखलं आणि आपणहून हात दिला. "जनावरं? ओके. लाइव्हस्टॉक. गुड. व्हेरी स्केलेबल."

त्या दिवसापासून तीन वर्षं माझे वडील लाइव्हस्टॉकमध्ये होते. मैत्रिणींना मी तेच सांगायची. मेंढरं म्हणायची लाज वाटायची, लाइव्हस्टॉकची कधी वाटली नाही. जनावरं तीच, लेंड्या त्याच.

सर आम्हाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. "जत, स्टँड अप." "पलूस, फोन आत ठेव." मी 'कवठे'. कुणी विचारलं, "सर, तुम्ही कुठले?" की सर ब्लेझरची बाही झटकत म्हणायचे, "मी बेसिकली पुण्याचा." हा ब्लेझर निळा होता आणि सांगलीच्या मे महिन्यातही अंगावर असायचा. पाठीवर घामाचा मोठा नकाशा उमटायचा. सर पुण्याचे नव्हते एवढं आम्हाला कळायचं, कारण पुण्यात जन्मलेला माणूस 'बेसिकली' कशाला म्हणेल? पण नक्की कुठला, ते कळायला मार्ग नव्हता.

शिकवणं म्हणाल तर सगळं पडद्यावर. परदेशातले सोहळे, काचेचे मंच, हवेत तरंगणारे दिवे. पाहुणा दारात आल्यापासून निघेपर्यंत त्याला काय काय वाटावं याचा तक्ता, त्याचं नाव 'गेस्ट जर्नी'. दुसऱ्या वर्षाच्या पेपरात आठ मार्कांना प्रश्न होता: समुद्रकिनारी होणाऱ्या यॉट महोत्सवाचा पार्किंग आराखडा करा. सांगलीत बोट दिसते ती कृष्णेला पूर आल्यावर, आणि ती थेट लोकांच्या गच्चीला लागते. मी तसं लिहिलं. सरांनी आठपैकी अडीच दिले आणि शेजारी लाल पेननं शेरा मारला: 'लॅक्स व्हिजन', म्हणजे मला दृष्टीच नाही.

यजमानानं एकाच हाराची सोय केलीय आणि स्टेजवर चार पुढारी चढलेत, अशा वेळी काय करायचं, हे मात्र कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. आमच्या भागात या धंद्यातलं निम्मं शहाणपण तेच आहे. एकदा मी ते विचारलंही. सर म्हणाले, "कवठे, आपण एक्स्पीरियन्स डिझाइन करतो. हार नाही." पुढच्याच महिन्यात कॉलेजच्या कार्यक्रमात नेमकं तसं झालं, आणि एक्स्पीरियन्स डिझाइन करणारे सर मागच्या दारानं झेंडूचा हार आणायला पळताना साऱ्या कॉलेजनं पाहिले.

त्यांची एक सवय मात्र पडद्यावरची नव्हती. शिकवताना त्यांची बोटं रिकामी राहत नसत. ओळखपत्राची फीत, प्रोजेक्टरची वायर, पडद्याची दोरी, जे हाताला लागेल त्याची ते गाठ मारायचे. तोंडानं दुबई चाललेली आणि बोटं खाली टेबलाच्या पायाशी वायर गुंडाळतायत. दोन वेढे, एक आडवा पीळ, टोक आतून वर आणि एक हिसका. ती गाठ कुणाला सुटायची नाही. शिपाईमामा दर शनिवारी कात्री घेऊन यायचे आणि म्हणायचे, "आवं सर, ह्यो वायर हाय का म्हशीचं दावं?" सर दचकून हाताकडे बघायचे, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

तिसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकल. चार-पाच जणांच्या गटानं खरा कार्यक्रम करायचा, किमान दोनशे माणूस, आणि पुण्याहून बाहेरच्या परीक्षक मॅडम बघायला येणार. त्यात नापास म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे चौथं, आणि चौथं मला मागायचं नव्हतं. माझी रूममेट वैशाली रहिमतपूरची. तिच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, तो तिनं आमच्या गटाला मिळवून दिला.

सरांनी 'रहिमतपूर' वाचलं आणि कागद टेबलावर पालथा घातला. "नो. कनेक्टिव्हिटी नाही."

"सर, रेल्वे स्टेशन आहे," वैशाली म्हणाली.

"ऑडियन्स प्रोफाइल वीक आहे."

"सर, तीनशे माणूस येतंय म्हणतात."

"व्हेन्यूला कॅरेक्टर नाही."

"सर, तुम्ही बघितलंय का?" मी विचारलं.

सरांनी कागद सुलटा केला आणि सही केली. एवढ्या लवकर हरलेले सर मी आधी कधी पाहिले नव्हते, पण मला वाटलं, माझ्याच बोलण्याला धार आली असेल.

मांडवाची चौकशी करायला आम्ही दोघी रहिमतपूरला गेलो. सगळ्यांनी एकच नाव सांगितलं, तात्या; वैशालीला नाव ठाऊक होतं, पण त्यांच्या घरातलं कोण कुठं असतं ते नाही. दुकानाला पाटी नाही, पत्र्याची शेड. आत वासे, कनाती, झालरी, काथ्याची भेंडोळी नीट रचलेली. वयानं वाकलेले, एका गुडघ्यातून अधू असलेले तात्या खुर्चीत बसून झालरीला टाका घालत होते. मी वाशांच्या मोळीवर हात टेकला आणि हाताखाली गाठ लागली. दोन वेढे, आडवा पीळ, टोक आतून वर. मी ओढून बघितली. सुटेना.

"ती सुटायची न्हाई, पोरी," तात्या म्हणाले. "माज्या बाची गाठ हाय ती. ह्या गावात फकस्त आमच्या घरातच येती."

मी मान वर केली. देवाच्या फोटोशेजारी, लॅमिनेट करून, चौकटीत बसवून सरांचं व्हिजिटिंग कार्ड टांगलेलं. नावाखाली इंग्रजीत 'एक्स्पीरियन्स आर्किटेक्ट'.

"माजा पोरगा," तात्या म्हणाले. "सांगलीला परफेसर हाय. आर्किटेक्ट लिवलंय म्हंजे बंगलं बी बांधत आसंल. लय कामं असत्यात त्याला. दिवाळीला येतो दोन दीस." मग आम्ही कुठल्या कॉलेजच्या ते कळलं तसा त्यांच्या हातातला टाका थांबला. "मंग त्यो येनार?"

"येणार."

"त्याला सांगू नगा मांडव माजा हाय म्हून. न्हाईतर यायचा न्हाई."

मी लगेच कबूल झाले, आणि चांगुलपणानं झाले नाही हे इथंच सांगून टाकते. अडीच मार्क माझ्या लक्षात होते. 'हाय म्हणजे ग्रीटिंग' तर पाठच होतं. यादीत मी लिहिलं, 'स्ट्रक्चर: लोकल व्हेंडर'. वैशालीला म्हणाले, "बघ आता. बापासमोर उभं करते आणि 'मांडव' म्हणायला लावते. दहा वेळा." पंधरा दिवस मी या एकाच विचारावर खूश होते.

मेळाव्याच्या दिवशी दुपारी सर आले, ब्लेझरसह, पुण्याच्या मॅडमना घेऊन. शाळेच्या मैदानात मांडव उभा. मी मुद्दाम दोघांना तात्यांच्या पुढ्यातच नेलं आणि म्हणाले, "सर, हे आपले व्हेंडर."

सरांचा चेहरा उतरला. मी वाट बघत होते, आता तात्या 'बाळा' म्हणतील, खांद्यावर हात टाकतील आणि आमचा गट बघेल.

तात्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्कार, सर."

सर म्हणाले, "नमस्कार." आणि मांडवाकडे बघत, "अरेंजमेंट्स ठीक आहेत ना?"

"व्हय, सर."

बस, एवढंच. मला वाटलं होतं मजा येईल. बापानं पोराला 'सर' म्हटलेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, आणि ते ऐकायची सोय मीच केली होती. मी तिथून निघाले आणि खुर्च्या मोजायला लागले. मोजलेल्याच पुन्हा मोजल्या.

चारच्या सुमाराला वारं सुटलं. माणसं येत होती, मॅडम पहिल्या रांगेत फाईल उघडून बसलेल्या. मैदानातली सगळी धूळ उठून आत आली, छत फुगलं आणि स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातली दोरी ताडकन तुटली. वासा डुलायला लागला. खाली समई, माईक आणि पहिल्या रांगेचे पाहुणे. तात्यांचे दोन गडी उजव्या बाजूला लोंबकळून ती धरत होते. तात्या शिडीकडे धावले, पण दुसऱ्याच पायरीवर गुडघा थांबला. मी वर बघत होते आणि मला वासा दिसत नव्हता, अप्पा दिसत होते, पाहुण्यांना पाणी द्यायला सांगणारे.

आणि तात्या ओरडले. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असे ओरडले, "बाळू! आरं बघतूस काय? चढ वर!"

सर्वांनी इकडेतिकडे पाहिलं, हा बाळू कोण? तेवढ्यात निळा ब्लेझर माझ्या अंगावर येऊन पडला. स्ट्रक्चर सर शिडी न घेता, बूट काढून, नुसत्या पायांच्या मिठीनं वासा चढत होते. वर पोचले आणि पुण्याची भाषा खाली राहिली.

"काथ्या दे! आगं ए कवठे, काथ्या कुठं हाय?"

"हाय सर," मी भेंडोळं वर फेकलं. व्हर्ब म्हणूनच म्हणाले.

"मांडव डावीकडं वडतोय! त्या खुटीला दोघं बसा रं! तात्या, तुमी बाजूला व्हा!" आणि तोंड चालू असताना बोटं आपली आपण फिरली. दोन वेढे, आडवा पीळ, टोक आतून वर, हिसका. वासा जागेवर आला. छत एकदा फडफडलं आणि बसलं.

सर खाली उतरले. शर्ट फाटलेला, हाताला काथ्याचे ओरखडे. कुणी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी चष्म्यावरून विचारलं, "सर, हे काय होतं?"

तात्या दोन पावलांवर उभे. मला वाटलं, आता तरी. सरांनी माझ्या हातातून ब्लेझर घेतला, घातला, बाही झटकली आणि म्हणाले, "मॅडम, धिस इज हँड्स-ऑन पेडॅगॉजी."

मॅडमनी ते 'करून दाखवत शिकवणं' म्हणून लिहून घेतलं. तात्यांनीही मान डोलावली, जणू पोरगा बरोबरच बोलला असावा. मला मात्र त्या क्षणी सरांचा असा राग आला की तो वासा पुन्हा सुटला असता तरी चाललं असतं. पण तो सुटणार नव्हता.

कार्यक्रम साडेपाचला, अर्धा तास उशिरा सुरू झाला, पण पार पडला. जुने मास्तर रडले, जुने विद्यार्थी जेवले. अहवाल मी लिहिला आणि मुद्दाम सगळीकडे 'मांडव' लिहिलं. अहवाल परत आला तेव्हा सरांनी लाल पेननं प्रत्येक ठिकाणी ते खोडून 'स्ट्रक्चर' केलं होतं. दोन मार्क कापले होते: 'फॅकल्टीला अंधारात ठेवून व्हेंडर नेमल्याबद्दल'. आणि तरी मी पास होते, वर्गात पहिली. मी पानं पुन्हा चाळली. एकाच जागी लाल पेन फिरलं नव्हतं. तिथं वाक्य होतं, 'मांडव तात्यांनी घातला.' ते तसंच ठेवलेलं.

आता मी स्वतः कामं घेते. मोठ्या कंपन्यांच्या साहेबांशी बोलताना 'स्ट्रक्चर' म्हणते, तेवढं इंग्रजी सरांनी घोटून घेतलंय. गड्यांशी बोलताना 'मांडव' म्हणते. आणि शेवटची गाठ मी मारते, दुसऱ्या कुणाला मारू देत नाही. ती मला सरांनी शिकवली नाही. रहिमतपूरला आणखी चार वेळा जाऊन तात्यांकडून शिकले. पण ती शिकण्यासारखी आहे हे मला सरांच्या बोटांकडे बघूनच कळलं, तोंडाकडे बघून नाही.

पदवी वाटपाच्या दिवशी अप्पा आले. धुवट धोतर, डोक्याला फेटा, हातात काठी. काठी गेटवर ठेवून घेतली, कारण सरांच्या एंट्री प्रोटोकॉलमध्ये काठ्या बसत नव्हत्या. समारंभ संपल्यावर मी त्यांना घेऊन सरांकडे गेले. सर निरोप घेत उभे होते, तेही त्या महिन्यात कॉलेज सोडून चालले होते. पुण्याला. खरोखरच.

"अप्पा, हे माझे सर," मी म्हणाले. मग सरांकडे वळले. तीन वर्षं घशात अडकलेलं होतं ते आता अडवायला कुणी नव्हतं, पदवी हातात होती. "सर, हे माझे वडील. मेंढरं राखतात."

"हो, हो. लाइव्ह..."

"न्हाई सर. मेंढरं."

अप्पांनी हात जोडले. "लेकीला शिकीवलंत, लय उपकार झालं. तिसऱ्या सालाच्या आत काढली बगा पोरीनं." मग आमच्याकडे नवा माणूस भेटला की पहिल्यांदा जे विचारतात तेच विचारलं. "सर, तुमी कुठलं?"

सरांची बोटं ओळखपत्राच्या फितीकडे गेली. दोन वेढे पडले. ब्लेझरची बाही झटकायला हात वर आला आणि तसाच खाली गेला. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

"रहिमतपूरचा," सर म्हणाले. आणि फितीला हिसका देत, सवयीनं, "बेसिकली."